ट्रेकसाठी सॅटेलाइट एसओएस: पीएलबी, मेसेंजर की फोन?

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात चार दिवसांचा ट्रेक ठरला आणि पहिला प्रश्न पडला: रेंज नसताना मदत मागायची कशी? पर्याय तीन आहेत.

१) पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन
अँटेना उघडायचा, बटण दाबायचं. ४०६ मेगाहर्ट्झचा सिग्नल कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेमार्फत सरकारी बचाव केंद्रापर्यंत पोहोचतो. मासिक शुल्क नाही. अमेरिकेत 'नोआ'कडे नोंदणी सक्तीची, पण मोफत. एकदा सुरू केला की किमान २४ तास सिग्नल देतो. अडचण एकच: पाय मोडलाय की छातीत दुखतंय, हे सांगता येत नाही. उत्तरही येत नाही.

२) सॅटेलाइट मेसेंजर
उदा. गार्मिन इनरीच मिनी २. वजन साधारण १०० ग्रॅम. इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालतो, त्यामुळे मेसेज पाठवताही येतो आणि उत्तरही मिळतं. मात्र प्लॅन सुरू नसेल तर एसओएससुद्धा चालत नाही. निघण्याआधी एक टेस्ट मेसेज पाठवाच.

३) फोन
आयफोन १४ पासून सॅटेलाइट एसओएस आहे, पण निवडक देशांतच. स्क्रीनवर दाखवेल तसा फोन उपग्रहाच्या दिशेने धरावा लागतो. दाट झाडी किंवा दरी आडवी आली की वेळ लागतो. शिवाय थंडीत बॅटरी पटकन उतरते. म्हणून फोन हा दुसरा आधार, पहिला नाही.

मी मेसेंजर घेतला. कारण ट्रेकवर जीवावर बेतण्यापेक्षा उशीर होण्याचीच शक्यता जास्त. 'एक दिवस उशीर होईल, सगळे ठीक' एवढा मेसेज गेला तरी घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विनाकारण शोधमोहीम निघत नाही. वर्षातून एखादाच ट्रेक करत असाल आणि दरवेळी प्लॅन घ्यायचा नसेल, तर पीएलबी पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हे मेसेंजर आणि सॅटेलाइट फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर इनरीच सापडल्यामुळे एका परदेशी महिलेला ताब्यात घेतलं होतं. पुण्याला येताना मी बॅगेचा प्रत्येक कप्पा तपासतो. सह्याद्रीत जाताना घरी आणि पायथ्याच्या गावात वाट व परतायची वेळ सांगून ठेवतो, सोबत पॉवरबँक आणि वाटाड्या घेतो. ठरलेल्या वेळेला आपण परतलो नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे.