जुन्या नोंदींचें नवें वाचन

इतिहाससंशोधन केवळ नवे कागद सांपडल्यानेंच पुढें सरकतें असें नाहीं. जुनाच कागद अधिक जाणत्या डोळ्यांनीं वाचला म्हणजेही पुष्कळदां नवा अर्थ हातीं येतो. भूगर्भशास्त्राचा अनुभव असाच आहे. मात्र तेथें वाचनाच्या मर्यादा विसरल्यास त्याचें फळ शेजारच्या गांवकऱ्यांस भोगावें लागतें.

सुरुंगाच्या धक्क्यानें जमिनींत लहरी सोडावयाच्या, खोल थरांवरून परत येणारा प्रतिध्वनि नोंदावयाचा व त्यास लागलेल्या वेळावरून थराची खोली ताडावयाची, ही विद्या कार्चर प्रभृतींनीं १९२१ सालीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत सिद्ध केली. पुढें चुंबकीय फीत व गणकयंत्र आलें. तेव्हां जुनी नोंद पुन्हां गणितांत घालून तींतील गोंगाट कमी करणें व तिरप्या थरांचे प्रतिध्वनि खऱ्या जागीं बसविणें शक्य झालें.

इंग्लंडांत तेल व कोळसा शोधतांना अशा नोंदींचा मोठा संग्रह झाला होता. शेल, म्हणजे दाबाखालीं दगड बनलेला चिखल, फोडून त्यांतील वायु काढण्यांत अमेरिकेस यश आल्यावर हा संग्रह पुन्हां उघडला गेला. पण १ एप्रिल २०११ रोजीं ब्लॅकपूलजवळ पाण्याच्या दाबानें खडक फोडल्यावर २.३ प्रतीचा भूकंप झाला. त्यास कारण झालेली भेग, एकेका विरळ रेषेवर घेतलेल्या जुन्या नोंदींत ओळखूं आली नव्हती; मागाहून दाट जाळ्याची त्रिमित पाहणी केल्यावर ती दिसली.

ब्रिटिश भूविज्ञान संस्थेनें सुमारें १५,००० मैलांच्या नोंदी व विहिरींची माहिती जुळवून २०१३ सालीं मध्य ब्रिटनच्या बोलंड शेलमध्यें १,३२९ लक्ष कोटि घनफूट वायु असावा, असा मध्यम अंदाज दिला. हा भूगर्भांतील एकूण वायु होता, काढतां येण्याजोगा नव्हे. पण हा भेद लोकांच्या ध्यानांत फारसा राहिला नाहीं. २०१९ सालीं संशोधकांनीं प्रत्यक्ष खडकाचे नमुने प्रयोगशाळेंत तपासले, तेव्हां अंदाज १४० च्या आसपास उतरला. प्रतिध्वनि थराची खोली व जाडी सांगतो. त्याच्या पोटांतील वायूचें माप खडकासच विचारावें लागतें. त्याच वर्षीं ऑगस्टांत २.९ प्रतीचा धक्का बसला व नोव्हेंबरांत सरकारनें हें काम थांबविलें.

जुन्या कागदास नवे प्रश्न अवश्य विचारावे. परंतु जेथें पूर्वीं रेषाच आंखली नव्हती, तेथील मौनाचा अर्थ ‘येथें कांहीं नाहीं’ असा करूं नये.