वैशाखाचे माप

दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसे बसतात आणि चांदण्यात पाण्यावर येणारी जनावरे मोजतात. पौर्णिमा उजेडासाठी लागते. महिना वैशाखाचा, कारण तेव्हा ओढे आटलेले असतात, सागाची पाने गळून गेलेली असतात, गवताची काडी झालेली असते. पाणी मोजक्या डोहांत उरते आणि ज्याला जगायचे आहे त्याला त्या डोहावर यावेच लागते. वाघांच्या संख्येचा अंदाज आता कॅमेऱ्यांनी बांधतात, तरी या जुन्या मोजणीत एक शहाणपण आहेच. रानाची खरी ऐपत श्रावणात कळत नाही. श्रावणात सगळेच श्रीमंत असते. ती कळते वैशाखात. अचलपूरची काळी जमीन आणि तिच्या उशाशी असलेला सातपुडा यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या मापाने वाचला, तर वऱ्हाडाच्या अनेक दुखण्यांचा उगम एकाच जागी सापडतो.

एखाद्या भूभागावर किती जीव कायमचे जगू शकतील, याला शास्त्रात धारणक्षमता म्हणतात. वाढती संख्या कमाल मर्यादेजवळ येताच मंदावते, हे गणित बेल्जियमच्या व्हरहुल्स्टने 1838 मध्ये मांडले. त्याच सुमारास पिकांच्या बाबतीत जर्मनीच्या लीबिगने सांगितले की वाढ ठरते ती सर्वांत कमी पडणाऱ्या पोषकद्रव्यावर. बाकीची कितीही असोत, त्यांचा उपयोग नाही. विहिरीवर मोट चालवणाऱ्याला हे सांगावे लागले नसते. मोटेचे चामडे जिथे फाटले असेल तिथपर्यंतच पाणी राहते. वरचे चामडे कितीही धड असले तरी ते रिकामेच वर येते. पुढची गोष्ट मात्र तितकीशी लक्षात घेतली जात नाही. एक भोक शिवले तरी पाणी काठापर्यंत येत नाही. त्याच्या वरच्या भोकापर्यंत येते.

अचलपूरचा मुलूख या दृष्टीने तीन पट्ट्यांचा आहे. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा: माती कसदार, ज्वारीला उत्तम, पण विहिरीचे पाणी खारट. उत्तरेला मेळघाट: पाऊस भरपूर, पण उतारावरून तो तापीकडे धावत सुटतो आणि उन्हाळ्यात डोहांपुरता उरतो. मधला पायथ्याचा पट्टा गोड्या पाण्याचा. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या काठी अचलपूर वसले, 1490 मध्ये इमादशाही स्वतंत्र झाली तेव्हा तिची राजधानी बनले. जवळचा गाविलगडसुद्धा तलावांच्या जिवावरच होता. गडावर किती शिबंदी ठेवायची, हे शेवटी तलावांतले पाणी मृगापर्यंत पुरते का, यावरच ठरणार. गुरांचेही तसेच. खाली कडबा होता, पण गोडे पाणी अपुरे. वर गवत-पाणी होते, पण तेही हंगामापुरते. खालच्या गुरांना वरच्या रानाचा आधार लागे, आणि रानातल्या गवळ्यांचे तूप-खवा विकायला खालचा बाजार लागे. दोन्ही पट्ट्यांची उणीव एकमेकांनी भरून काढली, म्हणून दोन्हींची क्षमता वाढली.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इथे शेतात काय बदलले ते जवळून पाहावे लागते. ज्वारीचे ताट कापले की कणसातून माणसाचे अन्न निघते आणि ताटातून बैलाचा कडबा. एकाच पिकात घर आणि गोठा दोन्ही. कपाशीतून सरकी मिळते, ती दुभत्याला चालते, पण उरलेली पऱ्हाटी फक्त चुलीत जाते. कापूस वाढला तसे वखराला, डवऱ्याला आणि गाडीला बैल मात्र जास्त लागू लागले. थोडक्यात, ज्या पिकाने बैलाची गरज वाढवली त्यानेच बैलाचा चारा कमी केला. पडीक जमिनी नांगरल्या गेल्या, गायरान आकसले. त्याच काळात सरकारने सागासाठी मेळघाटची जंगले राखीव केली. वऱ्हाडातल्या वनांचे वर्ग पडले: इमारती लाकडाची राने वेगळी, गवताचे रमणे आणि बाभूळबने वेगळी, चराईची राने वेगळी. गावच्या चराईच्या जमिनीला विदर्भात आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. कागदावरचा तो वर्ग लोकांच्या तोंडी कायमचा बसला. गुरांची मर्यादा पूर्वी पाण्याची होती, ती आता चाऱ्याची झाली.

याची किंमत 1899 च्या अवर्षणात कळली. धान्य रेल्वेने येऊ शकत होते. पण कडबा आकाराने मोठा, किमतीने हलका, तो दुरून आणणे कोणालाच परवडेना. गुरे दावणीला मेली आणि पुढच्या मृगात नांगराला बैल राहिला नाही. 1891 ते 1901 या दशकात, ज्यात 1896-97 चाही दुष्काळ येतो, वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर उतरली. यावर कोणी म्हणेल की लोकसंख्या धारणक्षमतेपलीकडे गेली होती, निसर्गाने हिशेब चुकता केला. हा आक्षेप नव्हे, गैरसमज आहे, आणि तो राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता. बाजारात धान्य असतानाही माणसे उपाशी राहतात, कारण विकत घ्यायला पैसा नसतो, हे अमर्त्य सेन यांनी इतर दुष्काळांच्या अभ्यासातून दाखवले. कापसाच्या मुलखात पीक बुडाले की वेचणीची मजुरी बुडते. गुरासाठी मर्यादा चाऱ्याची होती. माणसासाठी ती मजुरीची होती. तीच भूमी, तेच वर्ष, पण मोटेची भोके दोन. धारणक्षमता म्हणताना कोणाची आणि कशामुळे, हे न सांगणारा माणूस विज्ञान बोलत नसतो.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो अधिक जड आहे. मर्यादा जर सारखी हलते, तर तिला मर्यादा तरी का म्हणावे? माणूस विहीर खोल करतो, धरण बांधतो, खत आणतो. याचे उत्तर खुद्द मेळघाटच्या वाघाने दिले आहे. 22 फेब्रुवारी 1974 रोजी मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. शिकारबंदी हे पहिले भोक शिवणे झाले. पण एका वाघाला वर्षाकाठी साधारण 50 मोठी जनावरे लागतात, आणि सांबर-गव्यांच्या कळपातून दरसाल दहावा हिस्साच उचलला तर कळप टिकतो. म्हणजे एका वाघामागे 500 जनावरे हवीत. ती जगतात गवतावर आणि वैशाखातल्या पाण्यावर. म्हणून नुसत्या संरक्षणाने संख्या काही अंशीच वाढते. पुढे पाणवठे आणि कुरणे लागतात. बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे हलवल्यावर त्यांच्या शेतांत गवत आले आणि तिथे गवे, सांबरे चरू लागली. मर्यादा हलली, हे खरे. पण ती आपोआप हलली नाही. कोणीतरी जागा सोडली तेव्हा हलली.

ती जागा सोडणारे बहुतेक कोरकू आदिवासी होते. त्यांची कित्येक वनग्रामे जंगलखात्यानेच सागाच्या कामाला मजूर हवे म्हणून वसवलेली. ज्या रानाचे लाकूड अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याच्या बाजारात विकले गेले, त्या रानाची क्षमता संपल्याचे नंतर त्यांनाच सांगण्यात आले. जानेवारी 2019 मध्ये पुनर्वसित गावकरी जंगलात परतले आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला, त्यामागे हाही हिशेब आहे: रानात मोह, चारोळी, मासे आणि गवत होते, नव्या जागी ती जोड नव्हती. म्हणून पुनर्वसन चुकीचे असे म्हणता येत नाही. वाघाला जागा हवीच. पण वाघाचे भोक शिवताना ज्यांच्या संसाराला नवे भोक पडते, त्यांचे माप कोणीतरी तितक्याच काळजीने घ्यायला हवे. त्यांच्या पुनर्वसित गावांतल्या विहिरीचे पाणी, गोठ्यातला चारा आणि हाताला मिळणारी मजुरी मोजायची ती दिवाळीत नाही, वैशाखात.