राब : उत्तर ठाणे भागातील भातशेतीच्या एका पद्धतीचा इतिहास

कोसबाडच्या टेकडीवर उभे राहून पश्चिमेस पाहिले असता घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आणि त्यांपलीकडे समुद्र दिसतो. पूर्वेस दृष्टी वळविली की डहाणू व तलासरी तालुक्यांतील भातखाचरे, आणि त्यांच्या कडेने चढत गेलेली वरकस जमीन. वाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. खाचरांच्या कोपऱ्यात उन्हाळ्याच्या अखेरीस जो काळा चौकोन दिसतो, त्याचा इतिहास मात्र महसूल आणि वनखात्याच्या दप्तरांत विखुरलेला आहे. हा काळा चौकोन म्हणजे राब. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

राबाची क्रिया दिसावयास साधी, परंतु करावयास नाजूक. भाताच्या एकूण क्षेत्राच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी जागा रोपांसाठी राखून तीवर प्रथम शेण पसरतात. त्यावर झाडांचा छाटलेला टहाळ, त्यावर पातेरा व गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर. मातीच्या ह्या थरामुळे जाळ भडकत नाही, धुमसत राहतो. अग्नी देतात तोही वारा ज्या दिशेस जातो त्या बाजूने, म्हणजे ज्वाळेला वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकावे लागते आणि जमीन खोलवर तापते. पहिला पाऊस पडताच ह्या भाजलेल्या मातीत बी पेरावयाचे, तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून मुठी बांधावयाच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरांत लावणी करावयाची. वरकस जमिनीवरील नागली व वरी ह्यांच्या रोपांसही बहुधा हाच संस्कार मिळतो.

एकोणिसाव्या शतकातील अनेक इंग्रज अधिकाऱ्यांस ही निव्वळ उधळपट्टी वाटली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित जंगलांची आखणी सुरू झाली आणि टहाळ तोडणे हा एकाएकी परवानगीचा विषय बनला. वनखात्याच्या दृष्टीने फांदी छाटणे म्हणजे इमारती लाकडाचा नाश. शेतकऱ्याच्या दृष्टीने टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ह्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनविषयक चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. ह्या वादात ज्यांची बाजू कागदावर उमटली ते मुख्यत्वे जमीनदार, खोत व शिकलेले वकील होते. वारली, कोकणा, दुबळा अशा प्रत्यक्ष राब भाजणाऱ्यांचा आवाज त्यांत क्वचितच ऐकू येतो, हे अभ्यासकाने विसरू नये.

वादाला शास्त्राचीही बाजू होती. मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याचे संचालक ओझॅन यांनी राबाचे प्रयोग करविले. डॉ. व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालात राबाची दखल आहे. भारतीय शेतकरी सर्वस्वी मागासलेला आहे ही समजूत चुकीची, असे त्यांचे एकंदर मत होते. पुढे १९१२ मध्ये हॅरोल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर ह्या सहकाऱ्यांसह राबपद्धतीचे स्वतंत्र रासायनिक अध्ययन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे रसेल व हचिन्सन ह्यांनी माती तापविल्याने तिची सुपीकता तात्पुरती का वाढते ह्याचा शोध चालविला होता. उष्णतेने तणांचे बी मरते, मातीतील नत्र पिकास घेता येईल अशा रूपात मोकळे होते, आणि राखेतून पालाश मिळतो. रॉथमस्टेडच्या प्रयोगशाळेत जे तपासले जात होते, ते ठाण्यातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या हाताने करीत आला होता. अर्थात टहाळाची तोड निरुपद्रवी होती असे ह्यावरून ठरत नाही. वर्षानुवर्षे बोडके केलेले ऐनाचे झाड काय ते सांगेलच.

परंतु डहाणूच्या संदर्भात राबाचा प्रश्न केवळ टहाळाचा नव्हता; वेळेचाही होता. पहिला पाऊस आणि लावणी ह्यांमधील दिवस मोजके. नेमक्या त्याच दिवसांत जमीनदाराची वेठ कुळाला बोलावी. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यांचा गडी बनलेल्या वारल्याला आपले खाचर टाकून मालकाचे खाचर आधी लावावे लागे, आणि मग त्याचे स्वतःचे रोप वाढून जून होई. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने वेठीचे हे स्वरूप सरकारपुढे मांडले. १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने जे आंदोलन उभे केले, त्याची पहिली मागणी वेठ बंद करण्याची होती. पाठोपाठ गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला. कृषिपद्धतीच्या इतिहासात ही घटना कशासाठी, असे कोणी विचारील. सुधारलेली लावणी करण्यासाठी शेतकऱ्याचे हात आधी त्याचे स्वतःचे असावे लागतात, हेच त्याचे उत्तर.

कुळकायद्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कायद्याने तरी कसणारा मालक झाला. ह्याच काळात कोसबाडला गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषिसंस्थेचे कार्य सुरू होते. १९५७ मध्येच ताराबाई मोडक यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र बोर्डीहून येथे आले. देशभर १९५३ पासून जपानी भातशेतीची मोहीम चालली होती, आणि तिचे आरंभीचे प्रयोग बोरिवलीच्या कोरा केंद्रात झालेले होते. गादीवाफा, थोडे बियाणे, ओळीतील लावणी, खताची मात्रा हे तिचे अंग. गादीवाफ्याने राबाची गरज संपेल अशी अपेक्षा होती. ती बऱ्याच अंशी फोल ठरली, कारण गादीवाफ्यास शेणखत पुष्कळ लागते आणि वाफ्यातील तण हाताने काढावे लागते. डहाणूच्या लहान शेतकऱ्याजवळ दोहोंचाही तुटवडा. जयंतराव पाटील यांच्या काळात कोसबाडने केवळ भाताच्या रोपावर भर न देता वरकस जमिनीवरील फळझाडांकडे व फुलशेतीकडे आदिवासी शेतकऱ्यांस वळविले, हे प्रस्तुत लेखकास अधिक शहाणपणाचे वाटते.

राबाच्या जागी काय आणावे ह्याचे नेमके उत्तर पुढे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत मिळते. तिच्या पहिल्या सूत्रात रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळावयाची असते, दुसऱ्यात गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडावयाचा असतो. राख राहिली, पाला राहिला. जंगलाची फांदी गेली, आणि तिच्या जागी बांधावर लावलेले, शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचे झाड आले.