‘बेन-हर’चा खटला

शेत विकले तर विहिरीचे पाणी कोणाचे आणि बांधावरचा आंबा कोणाचा, यावरून गावोगाव भांडणे होतात. पुस्तकाचेही तसेच आहे. छापण्याचा हक्क वेगळा, भाषांतराचा वेगळा, नाटकाचा वेगळा. चित्रपटाचाही वेगळा हक्क असतो, हे अमेरिकेत ठरायला मात्र एक खटलाच व्हावा लागला.

लू वॉलेस हा अमेरिकन सेनानी. न्यू मेक्सिको प्रांताचा गव्हर्नर असताना त्याने ‘बेन-हर’ ही कादंबरी पुरी केली आणि १८८० साली हार्पर कंपनीने ती छापली. रोमन राजवटीत गुलामीत पडलेल्या एका ज्यू तरुणाची ही कथा. तिच्यातली रथांची शर्यत तर फारच गाजली. नाटकवाले मागे लागले, पण वॉलेस बरीच वर्षे नाहीच म्हणत राहिला. येशू ख्रिस्ताचे सोंग एखाद्या नटाने आणावे, हे त्याला पटेना. शेवटी १८९९ साली नाटक झाले, ते ख्रिस्ताच्या जागी नुसता प्रकाशाचा झोत दाखवून. पैसे किती, याच्या आधी ‘दाखवणार कसे’ हे विचारणारा लेखक मला तरी मोठा वाटतो.

१९०५ मध्ये वॉलेस वारला. दोनच वर्षांनी कॅलेम नावाच्या कंपनीने कोणालाही न विचारता ‘बेन-हर’ची छोटीशी मूक फिल्म काढली. हार्पर कंपनी, नाटकवाले आणि वॉलेसचे वारस कोर्टात गेले. कॅलेमवाले म्हणाले, आम्ही फक्त चित्रे काढली. आणि खेळ लावतात ते थिएटरवाले, आम्ही नुसती फीत विकतो! १९११ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी दोन्ही सबबी मोडून काढल्या. शब्दावाचून, नुसत्या हालचालींनीही नाटक होते. आणि खेळासाठीच फीत विकणारा जबाबदारीतून सुटत नाही. अखेर कॅलेमला २५,००० डॉलर मोजावे लागले, असे सांगतात.

मग या हक्काला भाव आला. वॉलेसच्या मुलाकडून अर्लँगर या नाटकवाल्याने आणि त्याच्या भागीदारांनी तो ६ लाख डॉलरना घेतला, असे म्हणतात. पुढे चित्रपट कंपनीला त्यांनी तो दिला तो अर्धेलीने! १९२५ चा तो भव्य चित्रपट तुफान चालला. पण अवाढव्य खर्च आणि निम्मा वाटा जाऊन कंपनीच्या पदरात सुरुवातीला तरी नफा काही पडला नाही.

असल्या व्यवहारात लेखकाच्या बाजूने बोलणारा तो एजंट. लंडनमध्ये ए. पी. वॉट याने एकोणिसाव्या शतकातच हा धंदा उभा केला होता, शेकडा दहा अडतीने. चित्रपटवाला सहसा एकदम खरेदीखत करीत नाही. आधी इसार देऊन ठराविक मुदतीपुरते पुस्तक अडकवून ठेवतो. मुदतीत खरेदी झाली नाही तर इसार लेखकाचा आणि पुस्तकही मोकळे. चांगला एजंट ही मुदत आखूड ठेवतो.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने चित्रपटाचा हक्क लेखकाला दिलेला आहे. तो सही केलेल्या लेखानेच दुसऱ्याला देता येतो. तोंडी शब्द चालत नाही. लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. शाळेच्या संमेलनासाठी कथा लिहिणाऱ्या गुरुजींनाही हे लागू आहे. वॉलेसने १८८० साली करार केला तेव्हा सिनेमा जन्मलाच नव्हता. आपल्या कायद्यात २०१२ साली याचीही सोय झाली: कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचा हक्क, करारात त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, लेखकापाशीच राहतो.