तेजी ओसरल्यावर काय उरतं?

'आंतरराष्ट्रीय व्यापारातले नवे प्रवाह' हा विषय मी अकोल्यात वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवतो. त्यांना चिप आणि बॅटरीबद्दल ऐकायचं असतं. मी आधी देशी कापसाची रुई हातात देतो आणि चिमटीत धरून ओढायला सांगतो. तंतू आखूड, चटकन तुटतो. याच तंतूवर एकेकाळी मुंबईत अफाट पैसा आला होता.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टावर येई. एप्रिल १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनच्या आयातीत हिंदुस्थानी कापसाचा वाटा सुमारे तीन चतुर्थांशावर गेला. मुंबईत बँका आणि कंपन्यांचं पेव फुटलं. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या शब्दावर सौदे होत. बॅक बेच्या समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर दसपटीने चढला.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेलाही पुढे टाळं लागलं.

याची चाहूल आधीच लागण्यासारखी होती. लँकेशायरची यंत्रं लांब तंतूसाठी बसवलेली होती. आपला कापूस त्यांवर सारखा तुटे, त्यात कचराही फार. तिथल्या कामगारांना तो नकोसा झाला होता. गिऱ्हाईक नाइलाजाने आलं होतं, ते टिकणार नव्हतं.

या पडझडीची झळ जमशेटजी टाटांच्या घराण्यालाही बसली. त्यांनी पुढे मुंबई सोडून कापूस पिकतो तिथे, नागपुरात, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली. १८९३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मुंबई-जपान जहाजं सुरू झाली, कारण जपानी गिरण्यांना आखूड तंतूचा कापूस चालत होता. हे गिऱ्हाईक गरजेपोटी आलं होतं आणि ते टिकलं.

शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. तेजीच्या काळातले भाव पाहून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरसारख्या तालुक्यांत शेतसारा वाढवला गेला. भाव उतरले तरी सारा उतरला नाही आणि सावकाराचा तगादा वाढला. मे १८७५ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी कर्जाचे रोखे जाळले, तो राग असा साचत आला होता.

म्हणून कोणत्याही नव्या प्रवाहाबद्दल मुलांनी तीन प्रश्नांची उत्तरं लिहावीत, असा माझा आग्रह असतो. गिऱ्हाईक गरजेपोटी आलंय की अडचणीपोटी? त्याची अडचण संपली तर आपल्या मालाला दुसरं कोण घेईल? आणि भाव पडले तर कर्ज कोणाच्या नावावर राहील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरं सोडलं, तर मी पेपर तपासत नाही.