बोटांचे ठसे आणि निवृत्त होणारी नजर

सरकारी कार्यालयातून एखादा जुना कर्मचारी निवृत्त होतो तेव्हा त्याच्याकडून कपाटांच्या किल्ल्या, नोंदवह्या आणि ओळखपत्र जमा करून घेतले जाते. कार्यभार सोपवल्याच्या कागदावर सह्या होतात. या कागदावर न आलेले असे काही त्याच्याबरोबर बाहेर जाते का? जात असेल तर ते नेमके काय असते, आणि ते मागे ठेवता येते का? हा प्रश्न सगळ्याच कार्यालयांना लागू आहे. पण जेथे एकाच्या मतावर दुसऱ्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते, तेथे तो अधिक गंभीर होतो. पोलिसांचे अंगुलिमुद्रा केंद्र हे असे ठिकाण आहे. या केंद्रांच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे आपण या प्रश्नाच्या अंगाने पाहू.

स्मरणशक्तीवर चालणारी ओळख

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जुना गुन्हेगार ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे पोलिसांची स्मरणशक्ती. लंडनच्या होलोवे तुरुंगात कच्च्या कैद्यांना रांगेत उभे केले जाई. पोलीस आणि तुरुंगरक्षक चेहरे निरखत फिरत आणि कोणी पूर्वी शिक्षा भोगलेला आहे का ते सांगत. म्हणजे लंडनमधील गुन्हेगारांची नोंदवही काही माणसांच्या डोक्यात होती. असा माणूस निवृत्त झाला की नोंदवहीची काही पाने फाटल्यासारखेच होई.

पॅरिसमध्ये अल्फोन्स बर्तियाँ यांनी यावर एक उपाय काढला. डोक्याची लांबी-रुंदी, डाव्या पायाची लांबी, मधल्या बोटाची लांबी अशी मापे घेऊन ती कार्डावर लिहायची. माहिती डोक्यातून कागदावर आली, पण मापे घेणाऱ्याच्या हाताचा प्रश्न उरला. कंपासपट्टी किती दाबायची, हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवी. एकाच कैद्याची दोघांनी घेतलेली मापे जुळत नसत. बंगालच्या पोलिसांनीही १८९० च्या दशकात ही पद्धत वापरली आणि त्यांना हाच अनुभव आला.

हर्शेल यांच्या मागे काय राहिले?

बंगालमध्ये बोटांच्या ठशांचा प्रयोग त्याआधीच झालेला होता. विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे अनेक वर्षे ते स्वतःचे आणि इतरांचे ठसे पुन्हा पुन्हा घेत राहिले. वय वाढले तरी बोटांवरील रेषांची रचना बदलत नाही, हे त्यांनी स्वतःच्या संग्रहावरून पाहिले. १८७७ मध्ये हुगळी येथे त्यांनी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. एक निवृत्त माणूस मरण पावल्यावर दुसऱ्याने येऊन पैसे उचलू नयेत, हा त्यामागचा हेतू. तुरुंगांतही हीच पद्धत वापरावी असे त्यांनी वरिष्ठांना सुचवले, पण त्या सूचनेला प्रतिसाद मिळाला नाही.

थोड्याच काळात हर्शेल स्वतः सेवानिवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि त्यांनी सुरू केलेली पद्धत मागे पडली. वीस वर्षे जमवलेली निरीक्षणे होती, पद्धत चालत होती, तरी ती कार्यालयात रुजली नाही. कारण ती एका माणसाची आवड होती. हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, याचा नियम तयार झालेला नव्हता, आणि त्या नियमाने काम करणारी दुसरी माणसेही नव्हती.

कलकत्त्याचे १०२४ कप्पे

हा नियम पुढे कलकत्त्यातच तयार झाला. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवर पुस्तक लिहून त्यांचे शास्त्रीय महत्त्व मांडले, पण मोठ्या संग्रहात चालेल असे वर्गीकरण त्यांना साधले नव्हते. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय अधिकारी काम करत होते. हक हे गणिताचे विद्यार्थी. त्यांनी काढलेली युक्ती वर्गात सहज करून दाखवता येते.

बोटांच्या टोकांवर प्रामुख्याने कमान, वळसा आणि चक्र अशा रचना आढळतात. हात पाहणारे वळशाला शंख म्हणतात. उजव्या अंगठ्यापासून उजव्या करंगळीपर्यंत १ ते ५ आणि डाव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत ६ ते १० असे क्रमांक द्यावेत. आता दोन-दोन बोटांच्या जोड्या करून त्यांना अनुक्रमे १६, ८, ४, २, १ अशा किमती द्याव्यात. ज्या बोटावर चक्र असेल त्याचीच किंमत धरायची, एरवी शून्य. सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज अधिक एक हा अंश, आणि विषम क्रमांकांच्या बोटांची बेरीज अधिक एक हा छेद.

समजा, एखाद्याच्या उजव्या अंगठ्यावर (क्रमांक १) आणि उजव्या अनामिकेवर (क्रमांक ४) चक्र आहे. अनामिकेची किंमत ८, म्हणून अंश ९. अंगठ्याची किंमत १६, म्हणून छेद १७. हे कार्ड ९/१७ या कप्प्यात जाईल. अंश १ ते ३२ आणि छेदही १ ते ३२, म्हणून एकूण कप्पे ३२ × ३२ = १०२४. कोणत्याही कारकुनाने हे गणित केले तरी तो त्याच कप्प्यापाशी पोचेल. बोस यांनी या कप्प्यांच्या उपवर्गीकरणात भर घातली.

१८९७ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने ही पद्धत मान्य केली आणि कलकत्त्याचे अंगुलिमुद्रा केंद्र उभे राहिले. १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांविषयी तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य ठरले. १९०० मध्ये हेन्री यांचे पुस्तक निघाले. १९०१ मध्ये ते लंडनला स्कॉटलंड यार्डमध्ये गेले आणि तेथे तिघा कर्मचाऱ्यांना घेऊन नवे केंद्र सुरू झाले. इकडे कलकत्त्याचे केंद्र बंद पडले नाही. हर्शेल गेल्यावर जे घडले ते हेन्री गेल्यावर घडले नाही, कारण या वेळी मागे लिहिलेला नियम होता, कायद्याचा आधार होता आणि काम जाणणारे हक-बोस होते. पद्धतीला नाव मात्र हेन्री यांचे मिळाले.

नियमाच्या पलीकडे

येथे असे वाटेल की प्रश्न सुटला. जुन्या पोलिसाची स्मरणशक्ती आता १०२४ कप्प्यांत होती. प्रत्यक्षात मात्र नवे कौशल्य जन्माला आले होते. सगळे कप्पे सारखे भरत नाहीत. एकाही बोटावर चक्र नसलेल्यांचा १/१ हा कप्पा तर फुगतच जातो. मग कप्प्यांच्या आत आणखी भाग करावे लागतात. त्यासाठी ठशाच्या गाभ्यापासून त्याच्या त्रिभुजापर्यंत, म्हणजे जेथे रेषा तीन दिशांना फुटतात त्या जागेपर्यंत, किती रेषा येतात ते मोजावे लागते. पण त्रिभुज नेमका कोठे धरायचा? ही रचना चक्र म्हणावी की वळसा? अशा कडेच्या उदाहरणांत नियम पुरत नाहीत. शेजारच्या मेजावरच्या अनुभवी माणसाला विचारावे लागते.

गुन्ह्याच्या जागी सापडणारा ठसा तर बहुधा एकाच बोटाचा, अर्धामुर्धा आणि फिसकटलेला असतो. त्यासाठी दहा बोटांचे गणित निरुपयोगी. स्कॉटलंड यार्डच्या हॅरी बॅटली यांनी १९३० मध्ये एकेका बोटाच्या ठशाची स्वतंत्र पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे सहकारी फ्रेडरिक चेरिल १९२० मध्ये केंद्रात आले आणि १९३८ मध्ये केंद्रप्रमुख झाले. म्हणजे प्रमुखपद हाती येण्यापूर्वी त्यांनी सुमारे अठरा वर्षे जुन्या माणसांच्या शेजारी बसून काम केले होते. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९५४ मध्ये यार्डच्या अंगुलिमुद्रा पद्धतीवरचे त्यांचे पुस्तक निघाले. हेन्री यांच्या पुस्तकानंतर अर्ध्या शतकात पद्धतीत पडलेली भर अशा रीतीने कागदावर आली.

निवृत्तीबरोबर जाणारे मोजता येते का?

अलीकडच्या संशोधनाने या कौशल्याला आकडे दिले आहेत. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ३७ तज्ज्ञ आणि तितकेच नवखे लोक यांच्यासमोर ठशांच्या जोड्या ठेवल्या. एकमेकांसारखे दिसणारे पण वेगवेगळ्या माणसांचे ठसे नवख्यांनी सुमारे ५५ टक्के वेळा ‘एकाच बोटाचे’ ठरवले. तज्ज्ञांकडून ही चूक शेकडा एकापेक्षाही कमी वेळा झाली. खरोखर जुळणारे ठसे मात्र तज्ज्ञांनी सुमारे ८ टक्के वेळा सोडून दिले. या आकड्यांतून आम्हाला असे दिसते की तज्ज्ञाच्या नजरेत बारकावा आहे तसा सावधपणाही आहे. निरपराध माणूस अडकण्यापेक्षा एखादा ठसा सुटलेला बरा, हे त्याच्या अंगात मुरलेले असते.

मग अनुभवी माणसाचा शब्द प्रमाण मानावा का? तसेही नाही. मार्च २००४ मध्ये माद्रिद शहरात रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. स्फोटक वस्तूंच्या पिशवीवरील एक ठसा स्पेनने अमेरिकेच्या एफबीआयकडे पाठवला. संगणकाने वीस संभाव्य नावे दिली. त्यांपैकी ओरेगॉन राज्यातील एका वकिलाच्या ठशाशी तो जुळतो, असे एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठरवले. पडताळणी करणाऱ्यांत तीस वर्षांहून अधिक अनुभव असलेला, निवृत्तीनंतर कंत्राटावर परत घेतलेला एक परीक्षकही होता. वकिलाला सुमारे दोन आठवडे कोठडीत ठेवले गेले. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवून दिले. पडताळणी करणाऱ्यांना आधीच्या सहकाऱ्याचा निष्कर्ष ठाऊक होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात पाच तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी जुळवलेले ठसे, ‘हा तो माद्रिदचा चुकलेला ठसा’ असे सांगून दाखवले. पाचांपैकी चौघांनी आपले पूर्वीचे मत बदलले.

म्हणजे अनुभव हा विश्वासार्ह ठरतो तो तपासणीच्या चौकटीत. दुसऱ्या परीक्षकाने पहिल्याचे मत न कळता ठसा पाहावा, ही साधी शिस्त तीस वर्षांच्या नोकरीने अनावश्यक ठरत नाही.

काय जाऊ द्यावे, काय ठेवावे

१९६३ मध्ये एफबीआयने ठशांचा शोध यंत्राकडे सोपवण्याचा विचार सुरू केला. १९९९ मध्ये तेथे देशव्यापी संगणकीय प्रणाली आली. भारतात २०२२ मध्ये ‘नाफिस’ ही राष्ट्रीय प्रणाली सुरू झाली. कार्डे कप्प्यांत लावण्यात आयुष्य घालवलेल्यांचे कौशल्य या यंत्रांनी निवृत्त केले. त्याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. ते काम यंत्र अधिक वेगाने करते. पण घटनास्थळावरचा अस्पष्ट ठसा यंत्राच्या यादीतील कोणाचा, किंवा कोणाचाच नाही, याची जबाबदारी अजून माणसावरच आहे. न्यायालयात उलटतपासणीला उत्तरे त्यालाच द्यावी लागतात.

या कामासाठी भारतात केंद्रीय अंगुलिमुद्रा केंद्र अखिल भारतीय परीक्षा घेते. परीक्षेने नियम येतात. नजर मात्र सोबतीने येते, आणि सोबतीला काळ लागतो. आपल्या कार्यालयांची सर्वसाधारण रीत अशी की पद रिकामे झाल्यावर नवा माणूस शोधायचा. त्यामुळे जाणारा आणि येणारा एका मेजाशी कधी बसतच नाहीत. बॅटली आणि चेरिल यांना मिळाली तशी वर्षे नाही, तरी निवृत्तीपूर्वीचे एखादे वर्ष दोघांनी एकत्र काम केले आणि त्यात गोंधळात पाडणाऱ्या व फसलेल्या ठशांचा संग्रह तयार केला, तर किल्ल्यांबरोबर आणखी काही हातात पडेल. हा खर्च एका वर्षाच्या पगाराचा आहे. न केल्यास तो एखाद्या निरपराध माणसाच्या वाट्याला येऊ शकतो.

शिक्षकांनी हा अनुभव वर्गात घ्यावा. शाईच्या पॅडवर बोटे टेकवून प्रत्येक विद्यार्थ्याचे दहा ठसे कागदावर घ्यावेत आणि वर दिलेल्या रीतीने कप्प्याचा क्रमांक काढावा. गणित सगळ्यांचे बरोबर येईल, तरी एकाच कागदाला दोन गटांनी वेगवेगळे क्रमांक दिलेले आढळतील. हा ठसा वळसा की चक्र, यावर वाद होईल. काही विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी बसून चर्चा करू द्यावी, काहींना फक्त लेखी नियम द्यावेत, आणि आठवड्याने दोन्ही गटांतील मतभेद मोजावेत. ठशांचे कागद नंतर ज्याचे त्याला आठवणीने परत करावेत.