खान्देशची आजी आणि तिच्या गाण्यांची वही



दादी-नानींच्या आठवणी लिहा, असं तुमच्यापैकी कितीतरी जणी सांगतात. आज लिहितेय ती आजी मात्र आपल्या समाजाची नाही. लेवा पाटीदारांची, शेतकऱ्याच्या घरची. पण अख्ख्या खान्देशने आजी म्हणावं अशी हीच : बहिणाबाई चौधरी.

जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी त्या जन्मल्या. माहेरच्या महाजन. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तिशीतच वैधव्य आलं. पदरात तीन लेकरं, ओंकार, सोपान आणि काशी. ओंकारला प्लेगने कायमचं अपंगत्व दिलेलं. शेत, गुरं, स्वयंपाक, सगळं त्यांच्याच अंगावर. आणि ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या तेव्हा सत्तरी ओलांडलेली. म्हणजे चाळीस वर्षं त्यांनी एकटीने घर ओढलं. त्या काळातल्या विधवा बाईचं आयुष्य कसं असायचं ते आपल्या घरांतूनही काही वेगळं नव्हतं, त्यामुळे जास्त सांगत नाही.

लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, निंदणी करताना, चुलीपुढे बसल्या बसल्या लेवा बोलीत गाणी सुचायची आणि तशीच तोंडात राहायची. (लेवा बोली आणि अहिराणी एकच, असं बाहेरचे लोक खुशाल म्हणतात. धुळ्याची माणसं आणि यावल-रावेरची माणसं एका खोलीत बसवा, लगेच फरक कळेल!) जात्याला त्या घरोट म्हणत. आमच्या दादीचंही जातं होतं, पण तिचा नियम वेगळा : धान्य नीट निवडायचं, जातं झाडून घ्यायचं, एकही जीव दिसत नाही ना पाहायचं आणि उजाडल्याशिवाय खुंट्याला हात लावायचा नाही. यतना म्हणजे काय ते मला पुस्तकाआधी त्या झाडणीतून कळलं. बाकी गाणं मात्र तिथेही होतंच. जड दगड एकटीने फिरवायचा तर तोंडाला काहीतरी हवं.

मला खरा प्रश्न पडतो तो पुढचा. हे सगळं लिहून कोण ठेवणार होतं?

खान्देशात लिहून ठेवणाऱ्यांची वाण नव्हती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा केली आणि त्यांच्या मागे १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं. ती साने गुरुजींनी तिथल्या तिथे उतरवून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे. त्याच साने गुरुजींनी पुढे बायकांच्या ओव्याही जमवल्या, ‘स्त्री जीवन’ त्यातूनच झालं. पण त्याच वर्षांत जळगावच्या एका वाड्यात एक बाई रोज गात होती आणि ते कागदावर येणं सर्वस्वी घरच्यांच्या मनावर होतं. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने जमेल तेवढं टिपलं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, म्हणून कान तयार होता. नसता तर? त्यांच्या आधीची, तरुणपणातली किती गाणी हवेत गेली असतील.

आई गेल्यावर त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी पाहताक्षणी ओळखलं. १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं, पस्तीस कवितांचं छोटं पुस्तक. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची गाणी आली आणि घराघरांत पोचली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं नाव पदवीच्या कागदावर! चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. आपल्या भवरलालजी जैन यांच्या परिवाराच्या प्रतिष्ठानने लेखिकांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कारही सुरू केला, त्याचा मला अभिमान वाटतो. पण त्यांनी स्वतः ते पुस्तक पाहिलंच नाही. अवघ्या वर्षभराचा फरक. हे मला दर वेळी लागतं.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही खरं तर. भगवंतांची वाणीही शेकडो वर्षं साधूंच्या कंठातच होती. दुष्काळ पडले, पाठ असणारे साधू गेले, विसरायला होऊ लागलं, तेव्हा वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभीला आगम लिहवून घेतले. मग आपल्या घरातल्या बायकांचं कंठातलं आपण का सोडून देतो? दादीला अख्खं प्रतिक्रमण ऐकून ऐकून पाठ होतं. मासखमणाच्या पारण्याला गायची ती गाणी तर निम्मी मारवाडी, निम्मी खान्देशी, कुठल्याही छापील पुस्तकात नसलेली. तपस्वी बाईच्या सासर-माहेरची नावं ती जागेवर गुंफायची.

त्यातली जेवढी आम्हा बहिणींना आठवली तेवढी मी शाळेच्या दोनशे पानी वहीत उतरवली आहेत, शब्द दुरुस्त न करता. दोन गाण्यांची शेवटची कडवी मिळत नाहीत. धुळ्याच्या भुवांना येतात म्हणे. पर्युषणात त्या जळगावला येतील, तेव्हा सामायिक झाल्यावर त्यांना बसवून लिहून घेणार आहे.